कॉन्झर्व्हेटिव्ह आणि कडक शिस्तवाले: अमेरिकेतली ही दोन माणसं एकच नाहीत

अमेरिकेच्या राजकारणावर मराठीत गप्पा रंगल्या की थोड्या वेळात कोणीतरी हे वाक्य टाकतंच, की रिपब्लिकन म्हणजे पोरांना फटके देऊन वळण लावणारी बायबलवाली मंडळी आणि डेमोक्रॅट म्हणजे पोरांना डोक्यावर बसवणारे. ऐकायला एकदम पटतं, कारण त्यात थोडं खरं आहे. पण यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय, आणि ती वेगळी केली नाही तर तिकडच्या अर्ध्या बातम्या कळतच नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह मत. सरकार छोटं असावं, टॅक्स कमी असावा, पिढ्यानपिढ्या चालत आलेलं मोडायची घाई करू नये, चर्च आणि कुटुंब यांच्यात सरकारने नाक खुपसू नये, बंदूक बाळगायचा हक्क काढू नये वगैरे. दुसरी गोष्ट म्हणजे शिस्तीची ओढ. सगळ्यांनी एका रांगेत चालावं, मोठ्यांचं ऐकावं, वेगळं वागणाऱ्याला जागेवर आणावं, वर एक खंबीर माणूस असावा असं मनातून वाटणं. अभ्यासक याला ऑथॉरिटेरियनिझम म्हणतात, पण तो शब्द ऐकला की लगेच हिटलर डोळ्यासमोर येतो आणि चर्चा संपते, म्हणून मी इथे सरळ 'शिस्तवाले' म्हणतो. एकाच माणसात दोन्ही असू शकतं, एकच असू शकतं, किंवा दोन्ही नसू शकतं. कॅरेन स्टेनर या बाईंनी 2005 च्या आपल्या अभ्यासात हेच ठासून मांडलं: बदल नको वाटणारा वेगळा, सरकारची ढवळाढवळ नको वाटणारा वेगळा, आणि सगळे एकसारखे असावेत असं वाटणारा वेगळा. हे तिघे एका पार्टीत सापडतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो.

आता गंमत अशी की शिस्तवाला कोण हे ओळखायला अमेरिकन संशोधक राजकारणाबद्दल काही विचारतच नाहीत, मुलांबद्दल विचारतात. तिकडे निवडणुकांचा एक मोठा सर्व्हे होतो, अमेरिकन नॅशनल इलेक्शन स्टडीज, आणि त्यात 1992 पासून चार जोड्या विचारल्या जातात. मुलामध्ये काय जास्त महत्त्वाचं: स्वतंत्र बाणा की मोठ्यांचा मान? कुतूहल की शिष्टाचार? स्वतःच्या पायावर उभं राहणं की ऐकणं? दुसऱ्याचा विचार करणं की नीट वागणं? दोन्हींतलं एक निवडायचं. आपल्याला दोन्ही हवं असतं हे खरंय पण निवडायला लावणं हाच त्यातला मुद्दा आहे. जेवढ्या वेळा तुम्ही मान, शिष्टाचार, ऐकणं आणि नीट वागणं निवडाल तेवढे तुम्ही या पट्टीवर वर.

हा द्राविडी प्राणायाम का, तर त्याला जुना इतिहास आहे. 1950 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या अडोर्नो वगैरे अभ्यासक मंडळींनी मांडलं की कडक, मारकुट्या घरात वाढलेलं पोर मोठेपणी हुकूमशहाच्या मागे जातं. दुसरं महायुद्ध नुकतं संपलेलं, त्यामुळे हे सगळ्यांना पटलं, पण त्यांची प्रश्नावली कच्ची होती, सगळी विधानं एकाच बाजूला झुकलेली, म्हणजे ज्याला कशालाही 'हो हो' म्हणायची सवय तो आपोआप फॅसिस्ट ठरायचा. शिवाय राजकारण मोजायला राजकारणाचेच प्रश्न विचारले की उत्तरात तेच येणार ना. म्हणून मग मुलांवरच्या प्रश्नांचा आडवाटेचा मार्ग काढला.

इथे लोक सगळ्यात जास्त गंडतात, जरा थांबा. हे चार प्रश्न तुम्हाला लहानपणी किती मार पडला हे विचारत नाहीत. तुम्ही स्वतःच्या पोराला मारता का हेही विचारत नाहीत. मूल कसं असावं असं तुम्हाला वाटतं एवढंच विचारतात. त्यामुळे 'ज्यांनी लहानपणी फटके खाल्ले ते ट्रम्पला मत देतात' असले जे फॉरवर्ड फिरतात ते या सर्व्हेच्या जोरावर म्हणताच येत नाहीत. पट्ट्याने मार खाल्लेला माणूस पुढे 'माझ्या पोरांवर हात उचलणार नाही' म्हणतो हे आपण आपल्याच घरांत बघतो, आणि कधीही मार न खाल्लेला माणूस पन्नाशीत 'आजकालच्या पोरांना धाकच नाही' म्हणून करवादतो हेही बघतोच.

मग या दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्या कशा? थोडं साठच्या दशकात जावं लागतं. डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांनी 1946 मध्ये एका पुस्तकात आईबापांना सांगितलं होतं की स्वतःच्या समजेवर विश्वास ठेवा, पोराला जवळ घ्या, आणि ते पुस्तक अमेरिकेत घराघरात गेलं. वीसेक वर्षांनी तीच पोरं कॉलेजात जाऊन व्हिएतनाम युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरली, स्पॉक स्वतःही उतरले, आणि निक्सनचे उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू म्हणायला लागले की या डॉक्टरच्या लाडांमुळेच ही पिढी बिघडली. तिथून पोरं कशी वाढवायची हा प्रश्न राजकारणात आला तो आजतागायत. 1970 मध्ये जेम्स डॉब्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं शिस्तीवरचं पुस्तक आलं, 1977 मध्ये त्यांनी फोकस ऑन द फॅमिली ही संस्था काढली, रेडिओवरून लाखो ख्रिश्चन घरांत पोचले, आणि हेच डॉब्सन पुढे रिपब्लिकन राजकारणातलं मोठं प्रस्थ झाले (2025 च्या ऑगस्टमध्ये वारले). त्यांचं म्हणणं लोक समजतात तेवढं सरसकट नव्हतं. दूध सांडलं, वस्तू हरवली यासाठी मारू नका, पण पोर मुद्दाम डोळ्यात डोळे घालून 'जा, नाही ऐकत' म्हणालं तर फटका द्या, असा त्यांचा हिशोब. मला तो पटत नाही, पण हिशोब होता हे मान्य करावं लागेल.

त्यावर कळस म्हणजे 1996 मध्ये भाषेचे अभ्यासक जॉर्ज लेकॉफ यांनी मांडलं की कॉन्झर्व्हेटिव्ह माणूस देशाकडे कडक बापाच्या घरासारखं बघतो आणि लिबरल माणूस मायेने वाढवणाऱ्या आईबापांच्या घरासारखं. हे रूपक होतं, डोक्यात देशाचं चित्र कसं असतं याबद्दल. पण रूपक इतकं गोड होतं की लोकांनी ते घरातल्या छडीपर्यंत शब्दशः नेलं. आणि खरं सांगायचं तर राजकारण्यांनीही त्याला खतपाणी घातलं. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये जॉर्जियातल्या डुलुथला टीव्हीवरून गाजलेल्या उजव्या टकर कार्लसनने ट्रम्पच्या भर सभेत सांगितलं की बाबा घरी आलेत, बाबा चिडलेत, आणि बिघडलेल्या पोरीला आता चांगले फटके मिळणार. पब्लिक खूश. पुढच्या जूनमध्ये हेगला नाटोचे सरचिटणीस मार्क रुटे चक्क ट्रम्पना 'डॅडी' म्हणून गेले. आपले ट्रम्पतात्या तिकडे डॅडी. असं चित्र रोज दिसल्यावर कोणाचाही समज होणारच की हे सगळं एकच आहे.

आकडे काय सांगतात? मार्क हेदरिंग्टन आणि जोनाथन वायलर या राजकारणाच्या अभ्यासकांनी 2009 मध्ये दाखवलं की आधी गोरे शिस्तवाले मतदार दोन्ही पार्ट्यांत पसरलेले होते, मग वंश, समलिंगी विवाह, दहशतवाद, इमिग्रेशन असे मुद्दे पुढे येत गेले तसे ते रिपब्लिकनांकडे सरकले. म्हणजे चिकटणं हे अलीकडचं आहे, जन्मजात नाही. 2016 च्या सुरुवातीला मॅथ्यू मॅकविल्यम्स यांनी लिहिलं की रिपब्लिकन मतदारांतला ट्रम्पवाला ओळखायचा असेल तर वय, शिक्षण, उत्पन्न सोडा, हे मुलांचे चार प्रश्न विचारा. ते भयंकर गाजलं. पण थोड्याच दिवसांत वेंडी रान आणि एरिक ऑलिव्हर यांनी उलट आकडे मांडले, की या पट्टीवर ट्रम्पचे समर्थक त्यांच्याशी रिपब्लिकन उमेदवारीसाठी लढणाऱ्या टेड क्रूझच्या समर्थकांपेक्षा काही वर नाहीत, ट्रम्पवाल्यांची खरी खूण म्हणजे तज्ज्ञ आणि बड्या लोकांबद्दलचा राग. अर्थात हे दुसरं कोणी फॉरवर्ड केलं नाही. त्यानंतर 2021 च्या आसपास काही संशोधकांनी त्याच लोकांना पुन्हा पुन्हा गाठून बघितलं तर असं दिसलं की काही जण आधी पार्टी निवडतात आणि मग मुलांबद्दलची उत्तरं पार्टीला साजेशी करतात. उलटी गंगाच म्हणायची.

आणि सगळ्यात मोठी फट गोऱ्या मतदारांच्या बाहेर पडलं की दिसते. कृष्णवर्णीय अमेरिकन या चार प्रश्नांवर गोऱ्यांपेक्षा वरच येतात, मान हवा, ऐकायला हवं, आणि तरी त्यातले बहुसंख्य वर्षानुवर्षं डेमोक्रॅट पार्टीला मत देतात. एफ्रेन पेरेझ आणि हेदरिंग्टन यांनी 2014 मध्ये यावरच लिहिलं, की ही पट्टी गोऱ्यांमध्ये जे मोजते ते कृष्णवर्णीयांमध्ये मोजतच नाही. कारण समजायला सोपं आहे. ज्याचा गट समाजात वरच्या पायरीवर आहे त्याला 'पोराने बापाचं ऐकावं' आणि 'यांनी आमचं ऐकावं' हे एकाच सुरात ऐकू येतं. ज्याच्या पोराला रस्त्यात पोलिसाला उलट उत्तर दिलं तर जीव गमवावा लागेल, तो पोराला 'ऐक' सांगतो तेव्हा त्याच्या डोक्यात काहीतरी वेगळंच असतं.

आपल्या लोकांचं घ्या ना. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या मराठी घरात हे चार प्रश्न टाकले तर मान, शिष्टाचार, ऐकणं यांनाच धडाधड टिक लागतील असं मला तरी वाटतं, मोठ्यांच्या पाया पड, उलट बोलू नको, स्पेलिंग बीची तयारी कर. आणि मत? 2020 च्या भारतीय अमेरिकनांच्या सर्व्हेमध्ये 72 टक्के बायडनकडे होते, 2024 मध्ये हॅरिसकडचा आकडा उतरला तरी 61 टक्के होता. घरात पूर्ण शिस्त आणि मत डेमोक्रॅट, यात अशा घरातल्या काकांना काहीच विसंगत वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही.

आता उलट बाजूचा माणूस. पक्का कॉन्झर्व्हेटिव्ह आणि शिस्तीचा अजिबात हट्ट नाही. युटा हे रिपब्लिकनांचं हक्काचं राज्य, आणि 2018 मध्ये देशात पहिल्यांदा तिथेच कायदा झाला की पोर एकटं शाळेत चालत गेलं, एकटं बागेत खेळलं तर त्याला आईबापांचं दुर्लक्ष म्हणायचं नाही. टेक्सासने 2021 मध्ये तसंच केलं. पोराला मोकळं सोडा, धडपडू द्या, सरकारी माणसाने दार ठोठावू नये. हा विचार शंभर टक्के कॉन्झर्व्हेटिव्ह आहे आणि त्या चार प्रश्नांत मात्र 'स्वतःच्या पायावर उभं राहणं' याच्यावर टिक करणारा आहे. कोविडमध्येही हेच दिसलं, मास्कची सक्ती म्हटल्यावर 'मी नाही ऐकणार' म्हणणारे उजवे होते आणि 'नियम पाळा' म्हणून ओरडणारे डावे.

छडीबद्दल तर दोन्ही पार्ट्यांनी फार टेंभा मिरवू नये. 1986 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्व्हेत 'कधीकधी पोराला चांगला फटका द्यावाच लागतो' याला ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला होता, म्हणजे त्यात दोन्हीकडचे आले. तेव्हापासून आकडा उतरतोय, आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये मारू नकाच असं स्पष्ट सांगितलं. शाळेतला मार 1977 मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी घटनेत बसवला, मायामीतल्या एका मुलाला लाकडी पॅडलचे, म्हणजे फळीचे, वीसहून जास्त फटके पडले होते तरी. आजही बऱ्याच राज्यांत, त्यातही दक्षिणेत जास्त, तो कायदेशीर आहे, उलट न्यू जर्सीने तो 1867 मध्येच बंद केला होता. आपल्याकडे 'छडी लागे छमछम' म्हणत म्हणत आपण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेतल्या माराला बंदी घातली, कागदावर का होईना.

2023 मध्ये ओक्लाहोमात अपंग विद्यार्थ्यांना शाळेत मारू नये असं बिल आलं. आणणारे आमदार जॉन टॅली रिपब्लिकन, उभं राहून बायबलमधली छडीची वचनं वाचून विरोध करणारे जिम ओल्सन तेही रिपब्लिकन. त्या दिवशी 45 बाजूने आणि 43 विरुद्ध पडले, पण बिल पास व्हायला सभागृहातल्या एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, तो आकडा काही गाठला नाही. एकाच पार्टीचे हे दोघं एकाच सभागृहात बसलेले, आणि आपण बाहेरून म्हणणार 'रिपब्लिकन असेच'.

मला स्वतःला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं मिसुरीतल्या कॅसविलचं. 2022 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या शाळांनी पॅडलचा मार परत सुरू केला, आणि नियम असा ठेवला की आईबापांनी लेखी परवानगी दिली तरच. यातला पॅडल शिस्तवाल्यांसाठी आहे आणि सही कॉन्झर्व्हेटिव्हांसाठी. ज्याला फक्त शिस्त हवी त्याला सहीची गरज काय, मास्तर म्हणतील तसं. ज्याला आईबापांचा हक्क हवा त्याला पॅडल असो नसो, सही हवीच, आणि तोच माणूस 2025 मध्ये मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीतल्या पालकांच्या बाजूने उभा होता जेव्हा ते एलजीबीटी पात्रांच्या गोष्टींच्या तासाला आपली मुलं बसवायची की नाही हे आम्ही ठरवू म्हणून सुप्रीम कोर्टात गेले आणि सहा विरुद्ध तीनने जिंकले. त्या पालकांत मुस्लिम होते, कॅथलिक होते, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन होते. घरी कोण पोराला ओरडतं आणि कोण नाही, याची चौकशी कोर्टाने केली नाही.