चरबीची पेशी आपला पत्ता विसरत नाही
भुसावळच्या बसस्थानकाबाहेर हाती पडलेल्या एका पत्रकात, कमरेला विशिष्ट पट्टा बांधल्यास पोटाची चरबी वितळते, असा दावा होता. पट्ट्याने घाम येतो आणि काट्यावर घटलेले दिसते ते पाणी असते, एवढे सांगून तो विषय संपवता येईल. परंतु चरबी म्हणजे तुपाची पिशवी, मग ती शरीरात कुठेही असो, ही त्यामागची समजूत मात्र तपासून पाहण्यासारखी आहे.

पूर्ण भरलेली मेदपेशी स्वतः विभाजित होत नाही. दरवर्षी सुमारे दहा टक्के मेदपेशी मरतात आणि त्यांची जागा पूर्वमेदपेशींपासून घडलेल्या नव्या पेशी घेतात. एकाच माणसाच्या पोटाच्या त्वचेखालून आणि आतड्यांवर पदरासारख्या लोंबणाऱ्या वपेतून या पूर्वमेदपेशी काढून एकाच पोषकद्रवात वाढवल्या, तरी त्यांच्यातील जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे कोणती जनुके किती चालू आहेत हे, वेगवेगळे राहते. वपेतल्या पेशी कमी तेल साठवतात आणि लवकर मरतात.

रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला याचे नवल वाटेल, कारण टिशूची रोपे तयार करताना मुनव्याच्या कोंबाच्या लहानशा तुकड्यातून मूळ, कंद, पान सारेच उगवते. पूर्वमेदपेशीला ती मुभा नाही. एकेका पेशीपासून वाढवलेल्या वंशांत ४० वेळा दुप्पट झाल्यावरही, म्हणजे हिशेबाने एका पेशीच्या सुमारे एक लाख कोटी झाल्यावरही, मूळ ठिकाणाचे गुण टिकलेले आढळले.

डीएनए तर सर्वत्र तोच. मग पत्ता लिहिलेला असतो कुठे? माणसात शरीराच्या भागांची आखणी करणारी ३९ हॉक्स जनुके चार गटांत असतात आणि गर्भावस्थेत डोक्यापासून खालपर्यंत कोणत्या भागात त्यांपैकी कोणती चालू राहावीत हे ठरते. बंद ठेवलेल्या अनेक जनुकांच्या आरंभी सायटोसिनवर, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एकावर, मिथाइल या छोट्या रासायनिक गटाची खूण असते, शिवाय तेथील डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर घट्ट गुंडाळलेला असतो. पेशी विभागताना डीएनएची जुनी साखळी खुणांसह येते, नवी कोरी असते. डीएनएमटी-१ हे विकर अशी अर्धवट खूण असलेली जागा शोधून नव्या साखळीवर नेमकी समोरासमोर तीच खूण उमटवते. अक्षर न बदलता नोंद पेशींच्या पुढच्या पिढीत उतरते, ती अशी.

अशा पत्त्याचे एक उदाहरण पाहा. हॉटेअर नावाचा, प्रथिन न बनवणारा एक आरएनए (डीएनएवरून उतरणारी प्रत) बाराव्या गुणसूत्रावरील हॉक्स-सी या हॉक्स जनुकांच्या गटातून तयार होतो. नितंबांतील पूर्वमेदपेशी प्रयोगशाळेत वाढवल्या तरी त्यांच्यात तो बनतच राहतो. पोटाच्या त्वचेखालच्या पेशींत तो जवळजवळ नसतोच.