न दिसलेल्या चिमणीची नोंद

२० मार्चचा चिमणी दिन जवळ आला की 'मोबाइल टॉवरने चिमण्या संपवल्या' हा मेसेज हमखास फिरतो. २०२० साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. पंधरा हजारांवर पक्षी निरीक्षकांनी हौसेने केलेल्या एक कोटीहून जास्त नोंदींवर तो बेतलेला होता. त्यातून दिसलं ते असं, की देशभराचा विचार केला तर चिमणी गेली पंचवीसेक वर्षं बऱ्यापैकी टिकून आहे. मुंबईसह सहा महानगरांत मात्र ती कमी झाली आहे. टॉवरवर दोष ठेवायला भक्कम पुरावा नाही.

हौशी लोकांच्या वह्यांतून एवढं कसं कळतं?

माझी पहिली यादी पुण्याच्या पाषाण तलावावरची. तासाभरात मी लिहिलं काय, तर खंड्या, जांभळी पाणकोंबडी आणि शिक्रा. सोबतच्या ताईंनी वही बघितली नि विचारलं, "आज कावळे नव्हते का?" समोरच्या झाडावर वीसेक बसले होते. कावळे काय लिहायचे, असं मला वाटलं होतं!

खरी गोम इथेच आहे. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? 'हो' म्हटलं की यादी पूर्ण धरली जाते, आणि त्यात जो पक्षी नाही त्याच्यापुढे शून्य मांडता येतं. समजा, एका गावातून ४० पूर्ण याद्या आल्या आणि १० यादींत चिमणी आहे. प्रमाण २५ टक्के. काही वर्षांनी निरीक्षक वाढले, याद्या ४०० झाल्या, त्यातल्या ८० यादींत चिमणी. नोंदी आठपट, पण प्रमाण २० टक्के. नुसत्या नोंदी मोजल्या असत्या तर आपण पेढे वाटले असते.

अर्थात शून्यही दोन तऱ्हांचं. पक्षी नव्हताच, किंवा होता पण आपल्याला दिसला नाही. तांबट उन्हाळ्यात दिवसभर टुक-टुक करतो. गप्प बसला की तोच हिरवा पक्षी पानांत शोधून सापडत नाही. समजा, असलेला तांबट एका फेरीत सापडण्याची शक्यता ०.६ आहे. मग तीन फेऱ्यांत तिन्ही वेळा हुकण्याची शक्यता ०.४ × ०.४ × ०.४, म्हणजे ०.०६४. प्रत्यक्षात तो ०.६ आकडा आधी कुणालाच ठाऊक नसतो. पुष्कळ जागांच्या १०१, ०१०, ००० अशा मालिकांवरून (फेरीत दिसला तर १, नाही तर ०) तो आकडा आणि तांबट खरोखर किती जागी आहे, ही दोन्ही उत्तरं एकदमच काढावी लागतात. म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा जायचं, आणि किती वेळ, किती अंतर चाललो तेही लिहायचं.

पिंगळा ओरडला की घरात वाईट घडतं म्हणणाऱ्यांची यादी अशीच अपुरी असते. तो ओरडला आणि काहीच घडलं नाही, त्या रात्री कुणी मोजलेल्याच नसतात.

फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे घराजवळचे पक्षी मोजण्याचा उपक्रम असतो. त्यासाठी जंगलात जावं लागत नाही, पंधरा मिनिटं पुरतात. मी गॅलरीत उभा राहिलो: पारवे १४, कावळे ६, बुलबुल २. चिमणी नव्हती. सगळे पक्षी नोंदवलेत का? हो.