खात्री नसलेल्या फायली आणि अँटीव्हायरसची निवड

खात्री नसलेल्या ठिकाणाहून आलेली फाइल उघडण्याआधी ती कशाने तपासायची, त्या तपासणीवर किती विसंबायचे आणि ती कुठे अपुरी पडते, हे ठरवणे म्हणजे या नोंदीपुरती अँटीव्हायरसची निवड. टोरंट (लोकांनी आपसांत फायली वाटण्याची सोय), टेलिग्रामवरचे चॅनेल, फुकट सॉफ्टवेअर देणारी संकेतस्थळे, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेली एपीके (अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल) आणि गिऱ्हाइकाने आणलेला पेनड्राइव्ह ही सगळी अशीच ठिकाणे. ‘चांगला अँटीव्हायरस कुठला?’ असे दुकानात रोज विचारले जाते. मात्र अशा फायलींच्या बाबतीत मोठे नुकसान बहुतेक वेळा अँटीव्हायरस कमी दर्जाचा होता म्हणून होत नाही. वापरणाऱ्याने तो आपल्या हाताने बंद केलेला असतो म्हणून होते.

कोल्हापुरात हा प्रश्न धंद्याशी जोडलेला आहे. राजारामपुरी, लक्ष्मीपुरी भागातली डीटीपी आणि फ्लेक्सची दुकाने, लग्नाचे अल्बम करणारे फोटोग्राफर, शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींतले कॅड-कॅमवर (संगणकावर आराखडा काढून यंत्र चालवण्याची पद्धत) काम करणारे कारखानदार या सगळ्यांना महागडी सॉफ्टवेअर लागतात आणि काम वेळेत द्यायचे असते. ‘क्रॅक मारणे’, ‘की टाकणे’, ‘विंडोज मारून देणे’ हे इथले रोजचे शब्द आहेत, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअरचे कुलूप तोडून किंवा चोरटा परवाना-क्रमांक टाकून ते चालवणे. जाणूनबुजून चोरीची प्रत संगणकावर वापरणे हा प्रताधिकार कायद्याच्या कलम 63 ब खाली गुन्हा आहे. पण दुकानदाराला कायद्याआधी गाठते ते त्या प्रतीसोबत आलेले दुखणे.

ते कसे येते हे जवळून पाहण्यासारखे आहे. लग्नसराईत ऑपरेटर एखाद्या डिझाइन सॉफ्टवेअरचा क्रॅक उतरवतो. हाती येते ती एक झिप फाइल. शेजारी नोटपॅडची छोटी फाइल असते. तीत लिहिलेले असते, ‘पासवर्ड 1234. आधी अँटीव्हायरस बंद करा, मग सेटअप चालवा.’ पासवर्डचे कारण सरळ आहे : कुलूपबंद झिपच्या आत काय आहे हे अँटीव्हायरसला वाचता येत नाही, त्यामुळे उतरवताना तो गप्प राहतो. झिप उघडली की आतली फाइल कधीकधी 700 एमबीची निघते आणि त्यातले बहुतेक नुसते शून्याचे भरताड असते. फार मोठ्या फायली बरीच साधने तपासायची सोडून देतात, आणि फायली तपासून देणारे व्हायरसटोटल हे संकेतस्थळ 650 एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. भरताड घालतात ते यासाठी. एवढे करूनही फाइल चालवताना पकडली जाण्याची भीती उरतेच, म्हणून शेवटचे काम माणसावर सोपवलेले असते. शेजारचा सांगतो, “तेवढा अँटीव्हायरस बंद कर की, मग चालतंय.” तिथे कुठल्याही कंपनीचे, कितीही पैशांचे पॅकेज असले तरी त्याचा उपयोग संपला.

या सल्ल्यामागे एक अर्धसत्य आहे. विंडोजची चोरटी की बसवणाऱ्या साधनांना डिफेंडर (विंडोजमधलाच अँटीव्हायरस) ‘हॅकटूल’ म्हणजे चोरीचे हत्यार म्हणून अडवतो, मग आत डेटा चोरणारा भाग असो वा नसो. एकदोनदा असे साधन चालवून काहीच बिघडले नाही की माणूस शिकतो, हा इशारा खोटाच असतो. तिसऱ्या वेळी लाल पट्टी तशीच दिसते, पण आत पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम असतो. म्हणून जी फाइल अँटीव्हायरस बंद करायला सांगते, ती चालवायचीच नाही. एवढे पाळणारा फुकट अँटीव्हायरसवरही बऱ्यापैकी सुरक्षित राहतो.

आता प्रत्यक्ष निवड. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस विंडोजसोबतच मिळतो आणि घरासाठी किंवा लहान दुकानासाठी तो पुरतो. त्यात तीन गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ चालू हवे, म्हणजे आत शिरलेल्या प्रोग्रॅमला संरक्षण परस्पर बंद करता येत नाही. नको असलेली अ‍ॅप अडवण्याची सोय चालू हवी. आणि ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’, जी बहुधा बंदच असते, ती कामाच्या फोल्डरवर लावावी, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमला तिथल्या फायली बदलता येत नाहीत. शिवाय ऑपरेटरचे खाते साधे ठेवून अ‍ॅडमिनचा पासवर्ड मालकाकडे असला, तर घाईत संरक्षण बंद करण्याचा रस्ताच मिटतो.

विकत घ्यायचे झाल्यास मराठी माणसाच्या तोंडी पहिले नाव क्विक हीलचे येते. कैलास आणि संजय काटकर या भावांनी पुण्यात संगणक दुरुस्तीच्या धंद्यातून ही कंपनी उभी केली. दुरुस्तीवाल्यांच्या जाळ्यामुळे ती गावोगाव पोहोचली आणि अडचणीला माणूस मिळतो हा तिचा खरा फायदा आहे. तरी नावापेक्षा चाचणीचे ताजे निकाल पाहणे बरे. जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट ही चाचणीसंस्था संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी 6 असे 18 पैकी गुण देते. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज संगणक किती मंदावतो हेही मोजते. 4 जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा, कारण मशीन अडखळू लागली की ऑपरेटर पहिल्यांदा अँटीव्हायरसच काढून टाकतो. दोन अँटीव्हायरस एकत्र टाकू नयेत. ते एकमेकांत अडकतात. आणि अँटीव्हायरसचाच क्रॅक उतरवणे म्हणजे चोराकडूनच कुलूप घेणे.

जुने कोरल (डिझाइनचे सॉफ्टवेअर) आणि जुने मराठी फाँट चालावेत म्हणून कित्येक दुकानांत अजून विंडोज 7 आहे. तिचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या, 14 जानेवारी 2020 ला संपला, विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. अशा मशीनवर अँटीव्हायरस एकटा पुरा पडत नाही. 12 मे 2017 ला वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम जगभर पसरला, तेव्हा त्याने वापरलेल्या भगदाडाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. अडकले ते दुरुस्ती न केलेले संगणक. जुनी मशीन ठेवायचीच असेल तर तिचे इंटरनेट काढून ती फक्त फाँटच्या कामाला ठेवावी.

पेनड्राइव्हची गोष्ट वेगळी. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवते आणि ती पाहून उघडताना इशारा देते. पेनड्राइव्ह बहुधा ज्या फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, तिच्यात ही खूण टिकत नाही. म्हणून गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावल्यावर आधी उजवे क्लिक करून स्कॅन करावा, आणि फाइलीचे शेपूट (एक्स्टेन्शन) दिसेल अशी सेटिंग ठेवावी, एरवी ‘पत्रिका.pdf.exe’ हे नाव नुसते ‘पत्रिका.pdf’ दिसते. फाइलीबद्दल शंकाच असेल तर व्हायरसटोटलवर ती अनेक इंजिनांकडून एकदम तपासून मिळते. मात्र तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना पाहता येते, म्हणून गिऱ्हाइकाचे आधार कार्ड किंवा बँकेचे कागद तिथे टाकू नयेत. विंडोजच्या प्रो आवृत्तीत सँडबॉक्स, म्हणजे बाकी संगणकापासून वेगळी ठेवलेली खिडकी, आहे : त्यात फाइल चालवून पाहायची, खिडकी बंद केली की आतले सगळे पुसले जाते.

क्रॅकमधून पसरणाऱ्या खंडणीखोर प्रोग्रॅमांत स्टॉप-डिजेव्हीयू हे घराणे कुप्रसिद्ध आहे. ते 980 डॉलर मागत असे, 72 तासांत दिले तर निम्मे. एमसिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने 2019 मध्ये त्याच्या जुन्या प्रकारांसाठी फायली परत उघडणारी फुकट उकल काढली, नंतरच्या बहुतेकांना ती लागू पडत नाही. अल्बम आणि डिझाइनची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवणे, हाच इथे खरा आधार. पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम काही क्षणांत ब्राउझरमधले सगळे घेऊन जातो. नंतर संगणक धुऊन पुसून काढला तरी गेलेले परत येत नाही. जीएसटी, बँक आणि ईमेलचे पासवर्ड तेव्हा दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदलावे लागतात.

फुकट आणि कायदेशीर मार्ग कोल्हापुरात जेवढे वापरले जायला हवेत तेवढे जात नाहीत, ही खेदाची बाब आहे. डिझाइनसाठी इंकस्केप, फोटोसाठी गिंप, कॅडसाठी फ्रीकॅड, कागदपत्रांसाठी लिबरऑफिस ही साधने त्यांच्या मूळ संकेतस्थळावरून घेतली तर क्रॅकची गरजच पडत नाही. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर 2017 पासून सफाईची साधने मोफत मिळतात.

मोबाइलवर हाच फसवणुकीचा प्रकार लग्नपत्रिका, वाहनाचे चलान किंवा पीएम किसानच्या नावाने एपीके पाठवून चालतो. प्ले प्रोटेक्ट (अँड्रॉइडमधली अ‍ॅप तपासणारी सोय) चालू ठेवावे आणि व्हॉट्सअ‍ॅपला ‘अनोळखी अ‍ॅप’ बसवण्याची परवानगी देऊ नये. डीटीपीच्या दुकानातून निघालेली पत्रिका जेपीजी किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. अशी एपीके बसलीच तर फोनचे इंटरनेट बंद करावे, बँकेला कळवावे आणि पैसे गेले असतील तर दुसऱ्या फोनवरून लगेच 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावावा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.