पार्किन्सन्स आणि तळपायांची ताकद

पाय घासत चालणे सुरू झाले की लक्ष मांड्या-गुडघ्यांकडे जाते आणि तळपाय दुर्लक्षित राहतात. शरीर पुढे झुकले की पायाची बोटे जमिनीवर दाब देऊन तोल सावरतात. पार्किन्सन्समध्ये पावले आखूड आणि सपाट पडतात, बोटांनी जमीन मागे रेटणे कमी होते, आणि तळपायातले न वापरलेले छोटे स्नायू अशक्त होत जातात.

व्यायाम पार्किन्सन्सच्या गोळीचा परिणाम चांगला असताना करा. बहुतेकांना गोळीनंतर पाऊण ते एक तासाने हालचाल मोकळी वाटते.

कमान उचलणे: खुर्चीत ताठ बसा, तळपाय उघडे, गुडघे काटकोनात. टाच आणि अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा जमिनीवरच ठेवून चवडा टाचेकडे ओढा. तळपायाची कमान किंचित वर येईल. 5 सेकंद धरा, सोडा. प्रत्येक पायाने 10 वेळा. इथे हमखास बोटे मुडपली जातात आणि मग पोटरीतले लांब स्नायूच काम उरकतात. बोटे लांब व सैल राहिली तरच व्यायाम योग्य जागी लागतो. सुरुवातीला हालचाल दिसलीही नाही तरी चालेल. कमानीखाली हाताचे बोट ठेवा, स्नायू घट्ट झालेला जाणवतो.

टाचा उचलणे: ओट्याला किंवा भक्कम टेबलाला दोन्ही हातांनी धरा. टाचा पूर्ण वर, मग 3 मोजत खाली, 10 वेळा. भार करंगळीकडे कलला तर घोटा मुरगळतो, म्हणून तो अंगठ्यावर ठेवा. पार्किन्सन्समध्ये प्रत्येक फेरीला हालचाल नकळत लहान होत जाते. मोठ्याने आकडे मोजा आणि दहावी टाच पहिलीइतकीच वर न्या.

पहाटे किंवा गोळीचा असर उतरताना बोटे आपोआप मुडपून दुखत असतील, तर बोटांनी टॉवेल गोळा करण्याचा प्रचलित व्यायाम टाळा. त्याऐवजी बोटे पसरा, हाताने हलकेच सरळ करा, आणि गोळीच्या वेळांबद्दल डॉक्टरांशी बोला.

चालताना पाऊल जमिनीला चिकटणे ही वेगळी अडचण आहे. ती ताकदीने सुटत नाही, कारण अडथळा मेंदूकडून येणाऱ्या हालचालीच्या आज्ञेत असतो. त्यासाठी तालावर चालणे किंवा जमिनीवरच्या पट्ट्या ओलांडणे उपयोगी पडते.

उभे राहताच चक्कर येत असेल, तर उभ्याचा व्यायाम थांबवा आणि रक्तदाब बसून व उभे राहून, दोन्ही वेळा मोजून घ्या.