एक पुस्तक आलं की अमेरिकेतला पत्रकार सेटल?

“अमेरिकेत पत्रकाराने एक पुस्तक लिहिलं, लाख डॉलर ॲडव्हान्स मिळाला की नोकरी सोडून आयुष्यभर आरामात.” हे वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय, आणि आकडा ऐकून कुणालाही ते खरंच वाटेल.

पण ॲडव्हान्स म्हणजे बक्षीस नाही, पुढच्या रॉयल्टीतली, म्हणजे विकलेल्या प्रतीमागे लेखकाला मिळणाऱ्या वाट्यातली उचल आहे. लाखातले साधारण १५ टक्के एजंटचे, उरलेले ८५ हजार करार, हस्तलिखित, प्रकाशन अशा हप्त्यांत, म्हणजे दोन-तीन वर्षांत पसरून मिळतात, त्यातूनच टॅक्स, हेल्थ इन्शुरन्स आणि बऱ्याचदा रिपोर्टिंगचा प्रवाससुद्धा!

हिशोब स्वतः करून बघा. हार्डकव्हरला रॉयल्टीचा नेहमीचा दर म्हणजे पहिल्या ५ हजार प्रतींवर छापील किमतीच्या १०, पुढच्या ५ हजारांवर १२.५ आणि नंतर १५ टक्के. किंमत २८ डॉलर धरली तर पहिल्या १० हजार प्रतींतून ३१,५००च फिटतात, आणि नुसत्या हार्डकव्हरवर पूर्ण लाख फिटायला साधारण २६ हजार प्रती खपाव्या लागतात. तोपर्यंत वेगळी रॉयल्टी शून्य. उचल परत मागत नाहीत, हे मात्र चांगलं.

अजून एक, पुस्तकाच्या मागचा लेखक परिचय वाचा, कितीतरी जण कॉलेजात शिकवतात नाहीतर मासिकांत लिहीतच असतात.