गॅमा किरण खगोलशास्त्र

विश्वातल्या अतिऊर्जावान घडामोडींचा, तिथून येणाऱ्या गॅमा किरणांवरून अभ्यास करणारी खगोलशास्त्राची शाखा. दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचे एकक) असते, गॅमा किरणांची लाखांपासून पुढे. एवढी ऊर्जा सहसा नुसत्या उष्णतेतून मिळत नाही. ताऱ्यांच्या स्फोटांचे अवशेष, स्पंदक (वेगाने फिरणारे अतिघन मृत तारे), कृष्णविवरांचे झोत अशा ठिकाणी कणांना प्रचंड वेग मिळतो आणि त्यांच्यापासून हे किरण निघतात.

इंदूरकरांना या विषयाचे एक टोक गावातच सापडते. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ या कणत्वरकामध्ये २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळतात आणि वळताना सिंक्रोट्रॉन प्रारण सोडतात. वृषभ राशीतला क्रॅब तेजोमेघही याच नियमाने उजळतो. चिनी निरीक्षकांनी १०५४ साली नोंदवलेल्या स्फोटाचा हा अवशेष. त्याच्या मधोमध असलेला स्पंदक सेकंदाला सुमारे ३० फेऱ्या घेतो. तिथले सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या फोटॉनांना धडकून त्यांचे गॅमा किरण करतात. २०२१ मध्ये चीनमधल्या लासो वेधशाळेने क्रॅबकडून आलेल्या एका फोटॉनची नोंद जाहीर केली. त्याची ऊर्जा इंडस-२ मधल्या इलेक्ट्रॉनच्या चार लाख पटींहून जास्त होती!

इंदूरचा अक्षांश २२.७ अंश आणि क्रॅबची क्रांती (आकाशातला अक्षांश) २२ अंश, त्यामुळे डिसेंबरात मध्यरात्रीच्या सुमारास तो शहराच्या जवळजवळ डोक्यावर येतो. गॅमा किरण मात्र जमिनीपर्यंत पोचत नाहीत. ते टिपायला २००८ पासून फर्मी उपग्रह अवकाशात आहे. सर्वांत जास्त ऊर्जेचे किरण इतके विरळ, की उपग्रह अपुरा पडतो. मग वातावरणालाच कामाला लावतात. किरण हवेत शिरला की कणांचा वर्षाव होतो आणि त्यातून चेरेनकोव्ह प्रकाशाची निळसर चमक उमटते, अवघे काही अब्जांश सेकंद. मोठे आरसे ती गोळा करतात. चांदणे यात मोठा अडथळा. दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला, चंद्र क्रॅबच्याच भागात असतो. वेधाच्या खऱ्या रात्री अमावास्येच्या आसपासच्या.

या पद्धतीने क्रॅबचा पहिला निर्विवाद वेध १९८९ मध्ये अमेरिकेतल्या व्हिपल दुर्बिणीने घेतला. मध्य प्रदेशातच, पचमढीला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २५ दुर्बिणींचा संच उभारला होता. पुढे हे काम लडाखमधल्या हानलेला गेले. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मेस दुर्बिणीचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. तिचा आरसा २१ मीटर व्यासाचा. सुमारे ४,३०० मीटर उंचीवर वर्षाव जवळ असतो, चमक हवेत कमी विरते आणि पचमढीला हाती न लागणारे कमी ऊर्जेचे किरणही टिपता येतात.