वृद्धांच्या जीवनगुणवत्तेचे समाजगटनिहाय मापन

उतारवयातील माणसाला स्वतःचे जगणे कसे वाटते, याचा प्रश्नावलीच्या आधारे घेतलेला पद्धतशीर अंदाज म्हणजे जीवनगुणवत्तेचे मापन. उत्पन्न, घर व औषधोपचार यांवरून ठरणारे राहणीमान हा याहून वेगळा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार व्यक्ती आपल्या आयुष्यातील स्थानाकडे स्वतःच्या संस्कृतीच्या व मूल्यांच्या संदर्भात कशी पाहते, ही तिची जीवनगुणवत्ता होय. साहजिकच संस्कृती बदलली की त्याच प्रश्नाचा अर्थ बदलू शकतो, आणि दोन समाजांच्या गुणांकांची तुलना करण्यापूर्वी अर्थाची तपासणी करणे भाग पडते.

संघटनेच्या संक्षिप्त प्रश्नावलीत शारीरिक, मानसिक, सामाजिक व परिसरविषयक अशा चार अंगांचे २४ व एकंदर स्वरूपाचे दोन मिळून २६ प्रश्न आहेत. वृद्धांसाठी तिला २४ प्रश्नांची पुरवणी जोडलेली असून तीत ज्ञानेंद्रियांची क्षमता, स्वायत्तता, सामाजिक सहभाग, मृत्यूविषयीची भावना इत्यादी सहा पैलू येतात. ब्रिटनमध्ये संशोधक अ‍ॅन बोलिंग यांनी वृद्धांच्याच बोलण्यातून उभी केलेली ३५ प्रश्नांची प्रश्नावली तेथील विविध वांशिक गटांतील वृद्धांवरही तपासण्यात आली.

हेच मापन गोव्यात करायचे तर काय अडचणी येतात ते पाहू. येथे २०११ च्या जनगणनेनुसार साठी गाठलेल्यांचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते; देशाचे प्रमाण ८.६ टक्के होते. ‘वांशिक गट’ ही संज्ञा येथे नेमकी बसत नाही. येथील गट धर्म, भाषा व जमात यांवरून ओळखले जातात आणि त्यांत गावडा, कुणबी व वेळीप या २००३ मध्ये अनुसूचित ठरलेल्या जमातीही मोडतात. लिपीचा प्रश्न तर अधिकच नाजूक आहे. मराठी वाचणारे हिंदू आजोबा आणि रोमी लिपीत कोंकणी वाचणाऱ्या ख्रिस्ती आजी यांच्या हाती एकच छापील कागद देता येत नाही. १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्यांची वाचनाची सवय आणखी वेगळी, आणि शाळेचे तोंडच न पाहिलेल्यांना प्रश्न त्यांच्या बोलीत विचारावे लागतात.

शब्दशः भाषांतर कसे घसरते, याचे उदाहरण ‘ताबा’ या शब्दात दिसते. ‘तुमच्या आयुष्यावर तुमचा कितपत ताबा आहे?’ असे डिचोलीतील मुंडकाराच्या (जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्याच्या) घरातल्या आजीला विचारले, तर तिच्या मनात आधी घराचा व जमिनीचा ताबा येण्याचा संभव असतो, कारण कूळ-मुंडकार व्यवहारात हा शब्द रुळलेला आहे. ‘तुम्हांला मनासारखं वागता येतं का?’ हे विचारणे अधिक नेमके ठरेल. सामाजिक सहभागाच्या प्रश्नातही एकाला देवळातले भजन आठवेल, तर दुसऱ्याला शेजारच्या घरची लदीन (ख्रिस्ती घरांतील सामूहिक प्रार्थना). रूपे भिन्न असली तरी दोन्ही उत्तरे सहभागच सांगतात. उत्तर देताना मुलगा-सून शेजारी बसलेली असतील, तर ‘देवाच्या कृपेने बरे आहे’ एवढेच ऐकू येते, म्हणून मुलाखत एकांतात घेणे फार महत्त्वाचे आहे.

प्रश्नावलीचे भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणून ताडून पाहण्याची रीत सर्वत्र पाळली जाते, पण ‘ताबा’सारखी चूक तिच्यातून निसटते, कारण उलट भाषांतरात तो शब्द बिनचूकच दिसतो. अशी चूक पकडण्यासाठी प्रत्येक गटातील काही वृद्धांना प्रश्न वाचून दाखवून ‘यातून तुम्हांला काय समजले?’ असे विचारावे लागते. त्यानंतर संख्याशास्त्रीय कसोटी येते : एकूण जीवनगुणवत्ता समान असलेल्या दोन गटांतील व्यक्ती एखाद्या प्रश्नाला सातत्याने वेगळी उत्तरे देत असतील, तर तो प्रश्न बदलला किंवा तुलनेतून वगळला जातो.